बँशीला नवीन पाइप टाकले, आता एक प्लग चॉकलेटी आणि एक पांढरा. जेट किती नंबरचा टाकू?

वाळूतला_सांगलीकर

नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीचा, सध्या अमेरिकेत ॲरिझोनात फीनिक्सला असतो. गेल्या वर्षी एक सेकंडहँड यामाहा बँशी घेतली, २००४ चं मॉडेल. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, चार चाकांची क्वाड आहे, ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, रेडिएटरवाली, आणि दोन्ही सिलिंडरला वेगवेगळा मिकुनीचा २६ एमएमचा कार्ब (कार्ब्युरेटर). ऑटोल्यूब नाही, तेल पेट्रोलमध्येच मिसळून टाकायचं, मी ३२ ला १ टाकतो.

ऑगस्टमध्ये कंपनीचे सायलेन्सर काढून दोन चेंबर (म्हणजे तेच नवीन पाइप) टाकले, एअरबॉक्सचं झाकण काढलं आणि कापडी फिल्टर बसवला. कार्बच्या आतमध्ये मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक, आकडा मोठा तेवढं पेट्रोल जास्त) २०० चे आणि आयडलचे छोटे पायलट जेट २५ चे होते. पाइप विकणाऱ्याने सांगितलं मेन २७० टाक, बाकी काही हात लावू नकोस. तसंच केलं. ४२-४३ डिग्रीच्या उन्हात गाडी काय पळाली म्हणून सांगू, मी खूश.

आता गेल्या शनिवारी कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूत घेऊन गेलो, इथून साडेतीन तास. पहाटे तापमान ६ डिग्री. नीट गरम केली, रेडिएटर हाताला कोमट लागेपर्यंत थांबलो, आणि मग निघालो तर पाव ते अर्ध्या रेसला गाडी गुदमरते, तिथून पुढे एकदम उसळते, फुल्ल रेसला आवाज नेहमीसारखा भरीव नाही, बारीक आणि कडक, आणि रेस सोडली तरी आयडल लगेच खाली येत नाही, दोन-तीन सेकंद वरच लटकून राहते. जागेवर बंद केली, दोन्ही प्लग काढले. उजवा मस्त चॉकलेटी. डावा पांढरा, खडूसारखा, म्हणजे तिथे पेट्रोल कमी पडतंय. बघून पोटात गोळाच आला, कारण कॉलेजात असताना बाबांची आरएक्स १०० मिरज रोडला माझ्याच हातात पकडली होती (पिस्टन सिलिंडरमध्ये जाम), मागचं चाक जाम होऊन गाडी चाळीसेक फूट घासत गेली, तो आवाज अजून कानात आहे. त्यामुळे पुढे चालवली नाही, ट्रेलरवर चढवली आणि घरी आणली.

विचारायचं एवढंच की डाव्या बाजूला मोठा जेट टाकू का? म्हणजे उजवीकडे २७० आणि डावीकडे २९० वगैरे? आणि पायलट, निडल (मेन जेटच्या वरची सुई) यांचं काय करायचं?

चेंबरवाला_कोल्हापूर

भावा, पहिल्यांदा एक चांगलं केलंस ते म्हणजे गाडी बंद केलीस. निम्मी पोरं म्हणतात अजून एक राउंड मारून बघू, आणि त्या एका राउंडमध्ये पिस्टन जातो.

आता ऐक. दोन्हीकडं जेट तोच, निडल तीच, पेट्रोल एकाच टाकीतलं, फिल्टर एकच, आणि एक प्लग चॉकलेटी अन् एक पांढरा. मग हा जेटिंगचा प्रॉब्लेम कसा असंल? जेट लहान पडला असता तर दोन्ही प्लग पांढरे आले असते. डावं सिलिंडर कुठनं तरी हवा ओढतंय. रेस सोडल्यावर आयडल लटकतंय म्हणालास ना, ते तर हवा ओढण्याचं पक्कं लक्षण. आमच्याकडं आरएक्स आली आणि गिऱ्हाईक म्हणालं की रेस खाली येत नाही, की मी कार्बला हात लावत नाही, आधी कार्ब आणि रीडच्या (इंजिनच्या तोंडावरच्या झडपेच्या) मधलं रबर बघतो. ते रबर वरनं एकदम ठणठणीत दिसतं, पण बोटानं वाकवून बघितलं की मध्ये चीर उघडते, जशी जुन्या चपलेच्या पट्ट्याला पडते तशी.

डावीकडं २९० आणि उजवीकडं २७० हे अजिबात करू नकोस. आज २९० नं प्लगचा रंग जुळंल, चीर मात्र तशीच राहणार. वाळूत चार उड्या मारल्या की ती वाढणार, आणि मग २९० पण कमी पडणार. आधी हवा बंद कर, जेटचं नंतर बोलू.

न्यू_रायडर_९७

माझ्या मित्राने पण आरएक्सला चेंबर लावलं तेव्हा असंच झालेलं, फिटरने जेटचं भोक तारेने थोडं मोठं करून दिलं आणि ऑइल पण थोडं जास्त टाकायला सांगितलं, म्हणजे पिस्टन पकडत नाही. अजून गाडी चालू आहे. तुम्ही पण २० ला १ टाकून बघा, सेफ राहील.

आरडीवाले_काका_पुणे

वरच्या मुलाला रागावून बोलत नाही, पण दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि दुसरा तर घातक आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

जेटच्या भोकाला आतून पॉलिश असतं आणि कडा एका ठराविक आकाराची असते, पेट्रोल किती जाणार हे नुसत्या व्यासावर नाही, त्या कडेवरही ठरतं. तार फिरवली की भोक लांबट होतं, आत ओरखडे पडतात, आणि वर छापलेला आकडा खोटा होतो. मी एकदा असा जेट उजेडासमोर धरून भिंगातून बघितलाय, भोक अंड्यासारखं झालं होतं. आता त्याला १२० म्हणायचं का १३० म्हणायचं, सांगता येत नाही. मग पुढची सगळी जेटिंग अंदाजपंचे.

आणि तेल. लोकांना वाटतं तेल वाढवलं की मिश्रण रिच झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल वाढलं. उलट आहे. जेटमधून जाणाऱ्या प्रत्येक थेंबात तेल वाढलं म्हणजे तेवढं पेट्रोल कमी झालं, म्हणजे हवेच्या मानाने गाडी लीन झाली. शिवाय तेलाने मिश्रण घट्ट होतं, ते जेटमधून जातंही कमी. ज्याची गाडी आधीच लीन आहे त्याने तेल वाढवणं म्हणजे आणखी लीन करणं. सांगलीकर, तुम्ही ३२ ला १ वर आहात ते तसंच ठेवा, म्हणजे ५ लिटरला साधारण १५६ मिली, आणि जेटिंग पूर्ण होईपर्यंत तेलाचा ब्रँड आणि प्रमाण दोन्ही अजिबात बदलू नका, नाहीतर कशाने काय झालं हे कळणारच नाही.

तुमच्या गाडीबद्दल मला जास्त आपुलकी आहे त्याचं कारण सांगतो. माझ्याकडे १९८५ ची राजदूत ३५०, म्हणजे आरडी ३५० चीच भारतातली आवृत्ती, आहे. तिचा बोअर ६४, स्ट्रोक ५४. तुमच्या बँशीचाही ६४ आणि ५४. यामाहाने आरडी ३५० एअरकूल्ड काढली, तिच्यापासून पाण्यावरची एलसी झाली, आणि त्या एलसीच्याच घराण्यातलं इंजिन बँशीत आलं. म्हणजे आपल्या दोघांच्या गाड्या चुलत बहिणी आहेत.

हवा कुठून जाते हे बघण्याची घरगुती पद्धत देतो. दोन्ही चेंबर आणि दोन्ही कार्ब काढा. एक्झॉस्टची दोन तोंडं रबराच्या बुचाने किंवा जाड रबर आणि पत्र्याची पट्टी लावून बंद करा, इनटेकच्या एका रबरात घट्ट बसेल असा प्लास्टिकचा गट्टू घालून क्लॅम्प आवळा, आणि दुसऱ्या रबरात भोक पाडलेला गट्टू घालून त्याला नळी जोडा. प्लग जागेवर घट्ट बसवलेले पाहिजेत. हवा भरायला रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आणि घड्याळ उत्तम, मी तेच वापरतो, घरातलं जुनं होतं. ३०० मिमी पारा म्हणजे ५.८ पीएसआय, बरोबर आपल्याला पाहिजे तेवढं. ६ पीएसआयच्या वर जाऊ नका, क्रँकची सीलं त्रास देतील. काटा ६ मिनिटं जागेवर थांबला पाहिजे. खाली यायला लागला तर साबणाचं पाणी ब्रशने लावत जा, रबर, रीडचं गॅस्केट, सिलिंडरचा तळ, मॅग्नेटच्या बाजूचं सील. जिथे बुडबुडे येतील तिथे दुखणं.

हवेची टेस्ट पास झाल्याशिवाय एकही जेट विकत घेऊ नका.

सॅन_दिएगोचा_पक्या

दादा, मी ग्लॅमिसला दर सीझनला असतो, माझीही बँशी आहे (९९ ची), भेटलो असतो की शनिवारी. काकांचं सगळं बरोबर आहे, दोन गोष्टी बँशीपुरत्या ॲड करतो. पहिली, दोन्ही इनटेकना जोडणारी एक रबरी क्रॉसओव्हर नळी असते, तिचे क्लॅम्प सैल होतात, ती बघाच. दुसरी, कार्बच्या डोक्यावर कंपनीचा टॉर्सचा डबा अजून आहे का? रेस अडकली तर स्पार्क तोडायची सिस्टीम आहे ती, पण जुनी झाली की उगाचच स्पार्क तोडायला लागते आणि आपण महिनाभर जेट बदलत बसतो. मी बसलो होतो. टॉर्सचं कटिंग लिमिटर लागल्यासारखं असतं, टक टक टक, दोन्ही सिलिंडरला सारखं. तुमचं गुदमरणं तसं वाटत नाही, तरी बघून घ्या.

आणि कार्बमधल्या दोन्ही स्लाइड (रेस दिली की वर उचलणारे दट्टे) एकाच वेळी उचलतात का? एअर फिल्टरच्या बाजूने दोन्ही कार्बमध्ये दोन बोटं घाला, अंगठ्याने हळू हळू रेस द्या, दोन्ही बोटांना स्लाइड हलल्याचं एकाच क्षणी जाणवलं पाहिजे. एक अर्धा एमएम जरी मागे राहिली तरी पाव रेसला एक सिलिंडर ओढतंय आणि दुसरं नुसतं ओढलं जातंय असं होतं.

जाता जाता, तिथे ८ फुटी झेंडा लावायला विसरू नका आणि आवाज ९६ डेसिबलच्या आत ठेवा, चेंबरच्या शेवटच्या सायलेन्सरमधलं पॅकिंग जळालं की तोच पाइप त्याच्या वर जातो आणि रेंजर मीटर घेऊन उभे असतात.

वाळूतला_सांगलीकर

मंडळी, काय बोलू, सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मुलं झोपल्यावर गराजमध्ये बसलो. बीपीचं यंत्र बायकोच्या आईचं होतं, परवानगी घेऊन वापरलं. काटा ३०० वरून एका मिनिटात १८० वर. साबणाचं पाणी लावत गेलो, सीलं कोरडी, तळ कोरडा, आणि डाव्या कार्बच्या रबराच्या खालच्या बाजूला, जिथे वरून कधीच दिसलं नसतं, बारीक बारीक बुडबुडे, वरणाला उकळी फुटण्याआधी येतात तसे. रबर काढून वाकवलं तर कोल्हापूरचे भाऊ म्हणाले तश्शीच चीर, नखभर लांब. उजव्या बाजूचं रबर पण कडक झालेलं, दोन्ही नवीन मागवली. क्रॉसओव्हर नळीचे क्लॅम्प पण बदलले. परत टेस्ट केली, काटा ६ मिनिटं हलला नाही, मी घड्याळ लावून बघत बसलो होतो.

टॉर्स आधीच्या मालकाने काढलेला आहे. स्लाइड मात्र खरंच मागेपुढे होत्या, उजवी आधी उचलत होती, केबलच्या ॲडजस्टरने जुळवल्या.

आता जेटिंगकडे वळू का? २७० ठेवू का वाढवू? पुढच्या शनिवारी परत ग्लॅमिस.

आरडीवाले_काका_पुणे

आता खुशाल वळा. आकडा कोणाचाही उसना घेऊ नका, पण सुरुवात कुठून करायची याचा हिशोब सांगतो.

तुम्ही २७० ठरवलात ४२-४३ डिग्रीला. शनिवारी होतं ६. थंड हवा जड असते, तेवढ्या फरकाने हवा साधारण १३ टक्के घट्ट होते, त्यात फीनिक्स अकराशे फुटांवर आणि ती वाळू जवळजवळ समुद्रसपाटीला, त्याचे आणखी तीनेक टक्के धरा. म्हणजे सिलिंडरमध्ये सुमारे १६ टक्के जास्त हवा. कार्ब यातली साधारण निम्मी भरपाई आपसूक करतो, कारण घट्ट हवेने जेटवरची ओढही वाढते. उरलेली निम्मी जेटने करायची, म्हणजे ७-८ टक्के. २७० चे झाले २९०. हे ऑगस्टमधला २७० बरोबर होता असं धरून, आणि तो बरोबर होता याचा पुरावा आपल्याकडे नाही, तेव्हाही ते रबर चिरलेलं असू शकतं. म्हणून मी ३१० पासून सुरू करेन आणि खाली येईन. रिच गाडी फार तर प्लग काळा करते, धूर काढते, फडफडते. लीन गाडी पिस्टन घेऊन जाते.

आणि उलटही लक्षात ठेवा, याच गाडीला मे महिन्यात वर फ्लॅगस्टाफला, ७००० फुटांवर नेलीत तर हाच जेट इतका रिच होईल की गाडी फडफड करत चढणार नाही. ढोबळ हिशोब म्हणजे दर २००० फुटांना मेनचा एक नंबर कमी.

चेंबरवाला_कोल्हापूर

काकांनी आकडा दिला, मी क्रम सांगतो, कारण पोरं इथंच चुकतात, तिन्ही गोष्टी एकदम बदलतात.

आयडल ते आठवा हिस्सा रेस पायलट आणि हवेचा स्क्रू. तिथनं पाव रेसपर्यंत स्लाइडची खाच, तिला तू हात लावू नकोस. पाव ते पाऊण निडल. पाऊणच्या वर मेन. ग्रिपवर, तुझ्याकडं अंगठ्याचा खटका असंल तर त्याच्या शेजारी, पांढरी टेप लाव आणि पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा कर. गाडी अर्ध्याला गुदमरते असं आपण म्हणतो आणि खूण बघितली की अंगठा पावावरच असतो.

मेन आधी. का ते सांगतो, मेनमधनं आलेलंच पेट्रोल निडलच्या बाजूनं वर जातं, त्यामुळं मेन बदलला की थोडा परिणाम खाली पण येतो. आणि चेंबर बसल्यावर बदलतो सगळ्यात जास्त मेनच. चेंबर म्हणजे नुसती पुंगळी नव्हे भावा. धूर बाहेर पडताना पुढच्या पसरत्या कोनात लाट उलटी फिरते आणि सिलिंडरातला उरलेला धूर अन् खालनं नवीन पेट्रोल-हवा ओढून काढते, अगदी पाइपमध्ये येईपर्यंत. मग मागच्या निमुळत्या कोनावर दुसरी लाट आपटून माघारी येते, आणि एक्झॉस्टचं तोंड झाकायच्या आधी बाहेर आलेलं ताजं मिश्रण परत आत ढकलते. हे ठराविक आरपीएमलाच जुळतं. जुळलं की गाडी तोंड फाडून पळते, त्यालाच आपण पाइपवर आली म्हणतो, आणि त्याच वेळी तिला पेट्रोल जास्त लागतं. म्हणून मेन बरोबर आहे का नाही हे गाडी पाइपवर असतानाच बघायचं. खालच्या आरपीएमला थोडी जड, थोडी फडफडती वाटली तर तिथं मेन कमी करून फसू नकोस.

प्लग वाचायची पद्धत. जुन्या प्लगवर गाडी गरम कर. मग नवीन बीआर८ईएस प्लग टाक, दोन्हीकडं. वाळूत चढाला पाचव्या-सहाव्या गिअरला फुल्ल रेस, दहा-पंधरा सेकंद, आणि फुल्ल रेसलाच क्लच दाबून किल स्विच. आयडलला येऊ द्यायची नाही, आली की रंग पुसला. मग काढून बघ, पण वरचं टोक नको बघूस, आत खोल, जिथं चिनीमाती धातूला भिडते तिथं बॅटरी मारून बघ. तिथं कॉफीच्या रंगाचं बारीक कडं दिसलं पाहिजे. काळं जाड कडं आलं तर एक नंबर खाली. कडंच नाही, पांढरं आणि वर चंदेरी बारीक ठिपके, तर जागेवर थांब, ते ठिपके पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे.

वाळूतला_सांगलीकर

काल आलो परत. जेवढं आठवतंय तेवढं लिहून काढतो, पुढे कोणाला बँशी असेल तर उपयोग होईल.

सकाळी ८ डिग्री. ३१० ने वरती फडफडत होती, धूर दाट, कडं काळं. ३०० ने साफ पळाली पण अजून थोडी जड. २९० ला आवाज एकदम खणखणीत भरला, दोन्ही प्लगवर कॉफीचं कडं, आणि महत्त्वाचं म्हणजे दोन्हीचं सारखं. शेजारी शेजारी तळहातावर ठेवून फोटो काढला, डावा कुठला आणि उजवा कुठला हे मलाच ओळखता आलं नाही. तरी ३०० परत टाकला आणि तोच ठेवला, कारण तिथे लांब चढ आहेत, मिनिटभर अंगठा दाबून राहतो, थोडं जास्त पेट्रोल बरं. पक्या, तू पण हेच म्हणाला होतास तिथे भेटल्यावर. तुझ्या बायकोने दिलेली मिसळ त्या थंडीत जी लागली त्याला तोड नाही.

पाव ते अर्ध्याला किंचित गुदमरणं उरलं होतं. निडलची क्लिप मधल्या खाचेत होती, एक खाच खाली केली, म्हणजे निडल वर आली, गुदमरणं गेलं. हवेचा स्क्रू मात्र पाऊण आट्यावरच आयडल चांगलं येतंय, दीड आट्याला मंद होऊन बंद पडते. पायलट २५ चाच आहे. हे चालेल का?

आरडीवाले_काका_पुणे

पाऊण म्हणजे स्क्रू जवळजवळ बंद करून तुम्ही हवा अडवताय, तेव्हा कुठे तिला पुरेसं पेट्रोल मिळतंय. पायलट लहान पडतोय. २७.५ टाका, स्क्रू सव्वा ते दोन आट्यांच्या मधे आला पाहिजे. अडीचच्या बाहेर गेला तर मोठा झाला समजा. जेट घेताना मिकुनीचेच घ्या, दुसऱ्या कंपनीच्या जेटवरचा आकडा आणि हा आकडा एकच धरून चालत नाही.

आणि ते २७०, २९०, ३१० सगळे एका डबीत ठेवा, डबीवर तापमान लिहा. मार्चमध्ये लागतील.

वाळूतला_सांगलीकर

२७.५ मागवले काका, गुरुवारी येतील. डबी केली, आत वहीचा कागद घातलाय, पहिली ओळ: ८ डिग्री, ग्लॅमिस, ३००, क्लिप चौथी खाच.